गव्हाच्या ओंबीत किती दाणे बसणार हे ठरते कधी? (आणि आमचा खोल पेरलेला गहू का निघाला नाही)

पूर्णाकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री ९:१०

रामराम मंडळी. हा धागा मागच्या वर्षीच काढायचा होता, राहून गेला. आता सोयाबीन निघालं, हरबरा टाकून झाला अन् जिकडंतिकडं गव्हाची पेरणी चालू आहे तर म्हटलं लिहूनच टाकतो, कोणाचं एखादं वावर तरी वाचेल. लांबलचक होईल, सवडीनं वाचा.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, पूर्णेच्या काठाला, अकोला जिल्हा. बोअरचं पाणी खारं, ते पिकाला दिलं की काळी माती पार बिघडते, म्हणून आमच्याकडं गहू म्हणजे ओलीवरचा गहू. माझे आजोबा बन्सी पेरायचे, छातीला लागायचा. वरची माती सुकली असली तरी सरता (तिफणीची बी सोडायची नळी) दाबून खाली ओल लागेपर्यंत बी सोडायचे अन् ते बरोबर निघायचं.

मी कृषीचं शिकून घरी आलो, पैदासशास्त्र विषय होता माझा, शेततळं नुकतंच झालं होतं म्हणून दोन-तीन पाणी देता येणार होतं, तर पहिल्याच वर्षी बाबांच्या मागं लागून बुटक्या वाणाच्या पिशव्या आणल्या. त्या वर्षी पाऊस लवकर गेला, वरचा थर कोरडा. बाबांनी आजोबांसारखंच चांगलं चार इंच खोल पेरलं, अन् मी तिथं तिफणीमागंच चालत होतो, मी बोलायला पाहिजे होतं, नाही बोललो. दहाव्या दिवशी अर्ध वावर काळंच दिसत होतं. शेजारच्या काकांचा बन्सी तेवढ्याच खोलीवरून या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत एकसारखा निघालेला.

बाबा म्हणाले बी खराब दिलं. मी खुरपं घेऊन ओळीत बसलो. बी खराब नव्हतं. एकेका दाण्याला मुळं सुटलेली, कोंब निघालेला, पण कोंब अडीच इंचावर येऊन थांबलेला अन् त्याच्या टोकातून पिवळं पान मातीतच बाहेर पडलेलं, दुमडलेलं, चुण्या चुण्या झालेलं, धुणं पिळून तसंच विसरून गेल्यावर कपडा जसा दिसतो तसं. वर अजून दीड इंच माती. पानाला माती ढकलता येत नाही, ते काम कोंबावर जी टोकदार म्यान असते तिचं. म्यान संपली की पान बाहेर पडते, मग ते उजेडात पडो की मातीत. उंच जुन्या गव्हाची म्यान १० सेंटीमीटरच्या वर जाते, बुटक्यांची बहुतेक ६ ते ८ सेंटीमीटरातच संपते, अन् जमीन गरम असली तर अजून आखूड.

आता हे असं का, तर ज्या जीननं (जनुकानं) गव्हाची काडी आखूड केली त्याच जीननं ही म्यान पण आखूड केली. आरएचटी म्हणतात त्याला, रिड्यूस्ड हाइट. गव्हात जिब्रेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक असते अन् डेला नावाचं एक प्रथिन असते. डेला म्हणजे बैलाचा ओढून धरलेला कासरा समजा, जिब्रेलिन आलं की कासरा सुटतो अन् पेशी लांब होतात. बुटक्या गव्हात ह्या डेलाचा जो भाग जिब्रेलिनच्या हातात सापडतो तोच भाग गायब आहे. म्हणून जिब्रेलिन कितीही असलं तरी कासरा सुटत नाही. काडीत पण नाही, कोंबात पण नाही. १९९९ साली इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरच्या लोकांनी हे जीन नेमकं काय आहे ते शोधून काढलं, म्हणजे हरितक्रांती होऊन गेल्यावर तीस वर्षांनी कळलं की आपण नेमकं काय पेरत होतो.

हा जीन आला जपानच्या नोरिन-१० नावाच्या गव्हातून. १९३५ चा वाण, उंची जेमतेम दोन फूट. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये त्याचं बी अमेरिकेत गेलं, तिथं ऑरव्हिल व्होगेल यांनी संकर केले, त्यांच्याकडून ते मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडं, अन् तिथून स्वामिनाथन यांच्या प्रयत्नानं आपल्याकडं. १९६६ मध्ये १८,००० टन बी जहाजानं आलं होतं. त्याच्या आधी आपल्या उंच गव्हाला युरिया जास्त दिला की तो पिकाच्या वजनानं लोळायचा, बुटका झाला म्हणून खत पचवायला लागला.

पण मला ह्या धाग्यात खरं सांगायचं ते ओंबीबद्दल. ते पुढच्या पोस्टीत लिहितो, आत्ता लाईट गेली.

---

कास्तकार_वर्धा | २३ नोव्हेंबर, रात्री १०:०२

भाऊ, चांगलं लिहून राह्यला तू. माह्या बी वावरात असंच झालतं तीन-चार सालाखाली, ट्रॅक्टरवाल्यानं पेरणी यंत्र खोल लावलं अन् म्या म्हटलं का गहू किड्यानं खाल्ला. खोदून पाहाचं सुचलंच नाही. मंग बुटका किती खोल पेराचा मनतो?

---

पूर्णाकाठ | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

काका, पाच सेंटीमीटर, फार तर सहा. म्हणजे दोन इंच समजा. वरचा थर सुकलेला असेल तर खोल जाऊ नका, त्यापेक्षा आधी हलकं पाणी देऊन वाफसा आला की वरच पेरा. ज्याच्याकडं पाणीच नाही त्यानं ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ओल वर असतानाच कोरडवाहू वाण पेरावा, बन्सी असेल तर उत्तम.

आता ओंबी. काका तुम्हीच सांगा, ओंबी कधी तयार होते?

---

कास्तकार_वर्धा | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

पोटरीत येते तवा. पन्नासएक दिवसानं.

---

पूर्णाकाठ | २४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

सगळे हेच सांगतात, मी पण शिकायला जायच्या आधी हेच सांगितलं असतं. पोटरीत येते, म्हणजे वरच्या पानाच्या बुडाशी काडी फुगते, तेव्हा ती फक्त दिसते. तयार ती महिन्याच्या आसपासच झालेली असते, जेव्हा गहू वावरात नुसता गवतासारखा उभा असतो अन् आपण म्हणतो अजून काय आहे त्याच्यात.

पहिल्यांदा मी हे कॉलेजात पाहिलं, नंतर घरी येऊन आपल्या वावरातलं रोप उपटून पाहिलं. करून पाहा, खर्च काही नाही. तीस-बत्तीस दिवसांचं रोप मुळासकट उपटायचं, मुख्य फुटवा (मधली काडी) घ्यायचा, बाजूचे बाकीचे मोडून टाकायचे. मग बाहेरून एकेक पान सोलत जायचं, सगळं बुडापर्यंत. शेवटची दोन पानं फार कवळी, नखानं नाही निघत, सुई घ्या. ती निघाली की बुडाशी, मुळाच्या जरा वर, पांढरट पारदर्शक असं एक टोक राहते, तांदळाच्या कणीएवढं, तीन-चार मिलिमीटर. नुसत्या डोळ्याला काही कळत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर भिंग धरा अन् बाजूनं उजेड टाका. दिसते ती ओंबी. डावीउजवीकडं एकाआड एक गाठी, फणीच्या दातांसारख्या. त्या गाठी मोजता येतात. जेवढ्या गाठी तेवढे झुपके ओंबीवर येणार, टोक एकदा बंद झालं की त्याच्यात पुढं एकही वाढत नाही.

(ओंबीच्या दांडीवर दाण्यांचे जे झुपके बसतात त्याला पुस्तकात कणिशिका म्हणतात. मी झुपकाच म्हणतो.)

वाढत का नाही, तर गव्हाची ओंबी टोकाला जाऊन बंद होते. पिकलेली ओंबी हातात घेऊन टोकाचा शेवटचा झुपका बघा, बाकी सगळे डावीउजवीकडं तोंड करून बसलेले असतात अन् हा एकटा त्यांना आडवा, पाव वळसा फिरलेला. तो आडवा झुपका बसला की दार लागलं. जवाच्या ओंबीला हा आडवा झुपका नसतो, ती वर सरकत राहते, गव्हाचं तसं नाही. अन् हे दार लागते नेमकं कांडी धरायच्या, म्हणजे काडी लांब व्हायला लागते त्या सुमारास.

म्हणजे दुकानातलं टॉनिक साठाव्या दिवशी ओंबी लांब करायला फवारतात, त्या दिवशी ओंबीच्या झुपक्यांचा हिशोब संपून महिना झालेला असतो. मला ह्याचं फार वाईट वाटते. गरीब माणूस उसनवारी करून ती बाटली आणतो.

---

मायमाती_यवतमाळ | २४ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

दादा मग झुपके किती पडतील हे कशावर ठरते? म्हणजे बियाण्यावर की पाण्यावर? आमच्याकडे ह्यावेळी कापसाच्या वेचणीमुळे पेरणी उशिरा होणार आहे, पऱ्हाटी उपटून मग गहू, डिसेंबर उजाडेलच.

---

पूर्णाकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री ८:५०

ताई दोन्हीवर, अन् तुमचा प्रश्न आपल्या विदर्भासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

गाठी एका मागोमाग एक पडत जातात अन् एका दिवशी दार लागते. दार लवकर लागलं तर गाठी कमी. दार कधी लावायचं हे गहू ठरवतो तीन गोष्टींवरून: थंडी, दिवसाची लांबी, अन् एकंदर ऊब. तिन्हीचे जीन वेगवेगळे आहेत.

थंडीचा जीन व्हीआरएन१. युरोपातला हिवाळी गहू बर्फात काही आठवडे काढल्याशिवाय ओंबीकडं वळत नाही, तो आपल्याकडं पेरला तर मार्चपर्यंत गवतच राहील. आपल्या वाणांत हा जीन आधीच उघडा आहे, थंडीची वाट पाहत नाही.

दिवसाच्या लांबीचा जीन पीपीडी. मुळात गहू लांब दिवसाचं पीक, दिवस मोठा होईपर्यंत थांबणारं. आपल्याकडं डिसेंबरात दिवस ११ तासांच्या आसपास, थांबला असता तर मार्चच्या उन्हात फुलला असता अन् दाणा चिपाड झाला असता. पण साध्या गव्हाच्या (लोकवनसारख्या, बन्सी नव्हे) २डी नावाच्या गुणसूत्रावर ह्या जीनच्या पुढचा डीएनएचा साधारण दोन हजार अक्षरांचा तुकडा गळालेला एक प्रकार आहे, तो ज्या वाणात असेल तो दिवसाकडं पाहत नाही. बोरलॉग साहेबांनी मेक्सिकोत एक पिढी उत्तरेच्या सोनोरात अन् तिची पुढची पिढी टोलुकाच्या डोंगरावर अशी आलटूनपालटून पेरली, वर्षात दोन पिकं घेता यावीत म्हणून, अन् त्या नादात दिवसाकडं न पाहणारेच गहू निवडले गेले. म्हणून ते आपल्याकडं लगेच रुळले.

पण ह्याची किंमत आहे. जो गहू थांबत नाही तो दार लवकर लावतो, म्हणजे झुपके थोडे कमी. आपल्याला ती किंमत परवडते कारण फेब्रुवारीच्या शेवटी आपल्याकडं उन्हाचा चटका बसतोच.

अन् तिसरी ऊब. पेरणी उशिरा झाली की सगळंच घाईत होते, फुटवे कमी, झुपके कमी, दाणा भरायला दिवस कमी. माझ्या स्वतःच्या वावरात एकच वाण, वेळेवर पेरलेल्या तुकड्यात ओंबीला १८-१९ झुपके मोजले अन् डिसेंबरातल्या तुकड्यात १४-१५. म्हणून ताई, उशीर होणारच असेल तर उशिरा पेरणीसाठी काढलेलाच वाण घ्या, आपल्या अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा एकेएडब्ल्यू-४६२७ त्यासाठीच आहे, अन् बियाणं जरा जास्त टाका कारण फुटवे कमी येणार आहेत. १५ डिसेंबरच्या पुढं मात्र नका जाऊ, त्यापेक्षा दुसरं काही.

पहिलं पाणी १८ ते २१ दिवसांत, हे आपल्याला सगळे सांगतात की मुकुटमुळं (जमिनीलगतच्या गाठीची मुळं) फुटतात म्हणून. बरोबर आहे, पण त्याच दिवसांत आत ओंबीच्या गाठी पडत असतात. ते पाणी चुकलं तर मागचं कोणतंच पाणी ते भरून देत नाही.

---

हिरवी_तिफण | २४ नोव्हेंबर, रात्री ९:३५

पोटरी, फुटवे हे समजलं पण जास्त फुटवे असलेले चांगले ना? आमचे कृषी सहायक म्हणतात फुटवे मोजा.

---

पूर्णाकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री १०:१०

मोजा, पण कापणीच्या वेळी ओंबी असलेले मोजा. पाण्याखालच्या वावरात फुटवे हवेतच. कोरडवाहूत उशिरा आलेले फुटवे ओल पिऊन टाकतात अन् शेवटी ओंबी न देताच वाळतात. टिन नावाचा एक जीन आहे, टिलर इन्हिबिशन, गव्हाच्या १ए गुणसूत्रावर, तो असलेल्या गव्हाला फुटवे थोडे, काड्या जाड अन् ओंब्या मोठ्या. ऑस्ट्रेलियात कोरड्या भागासाठी त्याच्यावर बरंच काम झालं आहे.

---

कास्तकार_वर्धा | २५ नोव्हेंबर, सकाळी ८:००

अन् ह्या बुटक्या जीननं ओंबी मोठी कशी झाली मग? आखूड केलं तं सगळंच आखूड व्हाले पाह्यजे. आमच्या बापाच्या वेळचा उंच गहू अन् आत्ताचा, ओंबीत फरक हाय हे म्या डोयानं पाह्यलं.

---

पूर्णाकाठ | २५ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

काका हा प्रश्न मला कोणी कॉलेजात नाही विचारला, तुम्ही विचारला.

ओंबीच्या प्रत्येक झुपक्यात फुलं आठ-दहा तरी धरतात. त्यातली खालची तीन-चार दाणा होतात, वरची मरून जातात. मरतात कधी, तर कांडी सुटून ओंबी वर चढते त्या वीसएक दिवसांत. त्याच वेळी काडी झपाट्यानं लांब होत असते. म्हणजे एकाच ताटात दोघं जेवायला बसलेले, काडी अन् ओंबी. उंच गव्हात काडी जास्त खाते. बुटक्यात काडी आखडली, तिच्या वाट्याचं ओंबीला मिळालं, म्हणून मेली असती ती दोन फुलं जगली. जुन्या उंच गव्हात पिकाच्या एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्सा दाणा असायचा, आत्ताच्यात अर्ध्याच्या जवळ जातो. झुपके वाढले नाहीत, झुपक्यातले दाणे वाढले.

एवढंच नाही, फुलं मारायचं काम करणारा वेगळा जीन पण सापडला आहे. जीएनआय१ म्हणतात, २ए गुणसूत्रावर. हा जीन जोरात असला की वरची फुलं वांझ होतात. २०१९ मध्ये जपान अन् जर्मनीच्या मंडळींनी दाखवलं की ज्या गव्हात हा जीन एका अक्षराच्या बदलानं कमजोर झाला त्याच्यात दाणे जास्त धरतात. कोणीतरी शेतकऱ्यानं कधीकाळी भरलेली ओंबी पाहून बी ठेवलं असेल, त्याच्यामागं हे होतं.

झुपक्यांच्या संख्येचा मोठा जीन वेगळा, वापो१, ७ए वर. भातातही त्याचा भाऊ आहे, तिथं तो लोंबीच्या फांद्यांवर काम करतो.

---

मायमाती_यवतमाळ | २५ नोव्हेंबर, दुपारी २:१५

आमच्या ओंबीत खालचे दोन-तीन झुपके नेहमी रिकामे असतात, नुसती टरफलं. मी समजायचे की आमच्या जमिनीत काहीतरी कमी आहे.

---

पूर्णाकाठ | २५ नोव्हेंबर, दुपारी २:५०

नाही ताई, जमिनीचा दोष नाही तो, सगळ्या जगातल्या गव्हाचं असंच आहे. ओंबीच्या गाठी पडतात तेव्हा मधल्या आधी मोठ्या होतात, बुडाच्या मागं राहतात. पहिल्या गाठी पडताना रोप अजून पानं काढायच्या मनःस्थितीत असते, पानाकडचे जीन पूर्ण बंद झालेले नसतात. बुडाशी ते उशिरापर्यंत चालू राहतात, त्यातला व्हीआरटी२ नावाचा एक चांगला ओळखीचा आहे. म्हणून बुडाचा झुपका अर्धवट राहतो, ना धड पान ना धड दाणा. पोलिश गव्हाची टरफलं एवढी लांब असतात ती पण ह्याच व्हीआरटी२ मुळं, तिथं तो ओंबीत जास्त वेळ जागा राहतो.

---

नवा_नांगर | २५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

भाऊ एक विचारू का. व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरून राह्यला, एका ओंबीला आठ-दहा फांद्या फुटलेल्या, चमत्कारी गहू म्हणे, किलोला जो भाव सांगितला तो ऐकून मी गप बसलो पण माझ्या मामेभावानं पाच किलो मागवलं. खरं आहे का ते?

---

पूर्णाकाठ | २५ नोव्हेंबर, रात्री ८:२०

ओंबी खरी आहे. उत्पन्नाचं जे सांगतात ते खरं नाही. मामेभावाला एवढंच सांग की पाचही किलो पेरू नको, पाच ओळी पेर अन् बाजूला पाच ओळी आपल्या नेहमीच्या वाणाच्या, कापून वजन कर.

फांद्या का फुटतात तर गव्हात एफझेडपी नावाचा एक जीन असतो, त्याचं काम झुपक्याच्या गाठीला सांगायचं की आता फांदी पुरे, फुल धर. हा जीन बिघडला की गाठीला थांबायचं कळत नाही, ती फांदी काढते, फांदीवर परत झुपके. ड्युरमच्या (बन्सी ज्या जातीचा तिच्या) कुळातला असा फांद्यांचा गहू जुनाच आहे, लोकांना तो माहीत होता. पण झाडाची पानं तेवढीच, मुळं तेवढीच, अन्न तेवढंच. फांद्या वाढल्या की दाणा बारीक पडतो, कितीतरी फुलं पोकळ राहतात अन् ओंब्या देणारे फुटवे कमी होतात. शास्त्रज्ञ त्याच्यावर काम करत आहेत कारण त्यातून शिकायला मिळते, पण पाकिटात विकायला नाही.

तसंच ते सोनामोती किंवा पैगंबरी, गोल दाण्याचा. तो गहू खरंच जुना आहे, मोहेंजोदडोच्या उत्खननात मिळालेला, आपल्या उपखंडाचाच. गोल दाणा अन् आखूड ताठ झाड हे एकाच जीनमुळं, ३डी गुणसूत्रावर, ब्रासिनोस्टेरॉइड नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाच्या कामात बदल करणारा. दाणा सुंदर दिसतो, घरी खायला जरूर लावा, आम्ही पण दोन गुंठे लावतो. पण त्याच्यात ग्लूटेन नसते असं कोणी सांगून ज्याला ग्लूटेन चालत नाही अशा पेशंटला खायला घालत असेल तर ते धोक्याचं आहे, गहू म्हटला की ग्लूटेन आलंच.

---

मायमाती_यवतमाळ | २५ नोव्हेंबर, रात्री ९:००

आणि खपली? माझी आई सांगलीकडची, आजीला मी उखळात खपली कांडताना पाहिलं आहे, लोकवन का नाही कांडावा लागत?

---

पूर्णाकाठ | २५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

क्यू जीन ताई, ५ए वर. शेतीच्या सगळ्या इतिहासात ह्या एका जीननं बायकांचे जेवढे कष्ट वाचवले तेवढे कोणी वाचवले नसतील. खपलीत त्याचा जुना प्रकार, टरफल दाण्याला घट्ट, मळणीत दांडी तुटून अख्खा झुपका टरफलासकट सुटतो, मग उखळात घालून कांडावंच लागते. लोकवन, बन्सी ह्यांच्यात नवा प्रकार, दांडी मजबूत, टरफल सैल, थ्रेशरात घातला की दाणा मोकळा अन् गव्हांडा वेगळा. ओंबी भरीव चौकोनी दिसते ती पण ह्याच जीनमुळं. साध्या गव्हात २डी वर टीजी म्हणून अजून एक आहे, टरफल घट्ट धरणारा, तो पण ढिला व्हावा लागला.

---

बीज_विद्यार्थी | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

दादा मी अकोल्याला शिकतो, दुसऱ्या वर्षाला. मला कळत नाही की भातात असे जीन कधीचे सापडले अन् गव्हात एवढा उशीर का लागला?

---

पूर्णाकाठ | २६ नोव्हेंबर, रात्री ८:१५

कारण गहू म्हणजे तीन गवतांचं एकत्र कुटुंब आहे. ए, बी अन् डी अशा तीन घरांची गुणसूत्रं एका पेशीत, सात त्रिक एकवीस जोड्या. माणसाच्या जीनोमच्या पाचपट मोठा जीनोम, भाताच्या जवळजवळ चाळीसपट. २०१८ मध्ये पूर्ण नकाशा आला तेव्हा एक लाख सात हजारांच्या वर जीन मोजले गेले. अन् प्रत्येक जीनच्या बहुतेक तीन प्रती, एक बिघडली तर दुसऱ्या दोन सांभाळून घेतात, म्हणून बिघाड बाहेर दिसतच नाही अन् शोधायला काही हाताला लागत नाही. बन्सीत दोनच घरं, ए अन् बी, डी नाही. म्हणून नोरिनचा ४डी वरचा बुटकेपणा बन्सीत नसतो, फक्त ४बी वरचा बसवता येतो.

तू शिकतोस तर एक गोष्ट लक्षात ठेव. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ड्युरम गव्हात आरएचटी१४ अन् आरएचटी१८ ह्या बुटकेपणाच्या वेगळ्या जीन्सची जागा ६ए गुणसूत्रावर शोधली. हे जीन डेलाला हात लावत नाहीत, काडीत जिब्रेलिनच कमी करतात, म्हणून काडी आखूड होते पण कोंबावरची म्यान लांब राहते. म्हणजे बुटका, न लोळणारा, अन् तरी चार इंचावरून निघणारा गहू. आमच्या खारपाणपट्ट्याला हाच पाहिजे. मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते चुण्या पडलेलं पिवळं पान डोळ्यासमोर आलं, खरं सांगतो, मी बाबांना फोन लावला वावरात. हा जीन चांगल्या बन्सीत बसवून आमच्या मातीत कोणी आणला तर पहिली पिशवी मी पेरतो.

---

बीज_विद्यार्थी | २६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

दादा मला ह्यावरच प्रोजेक्ट करायचा आहे मग. म्यान मोजायची सोपी पद्धत आहे का?

---

पूर्णाकाठ | २६ नोव्हेंबर, रात्री ९:०५

आहे. ओल्या गोणपाटावर किंवा जाड कागदावर एका रेषेत बी लावायचं, गुंडाळी करायची, काळोखात उभी ठेवायची, दहाएक दिवसांनी उघडून दाण्यापासून म्यानेच्या टोकापर्यंत पट्टीनं मोजायचं. आपल्या गावचे जुने वाण, बन्सी, काठा, ज्याच्या घरी मिळेल त्याच्याकडून मूठमूठ आण अन् बाजारातल्या वाणांसोबत लाव. अंधार अन् तापमान सगळ्यांना सारखं पाहिजे, एवढं पाळ. जमलं तर एक कुंडी घे, त्याच्यात पण चार इंचावर पेरून पाहा, आकडे जुळतात का.

---

नवा_नांगर | २ डिसेंबर, सकाळी ७:३०

मामेभावानं ऐकलं. पाच ओळी.

---

कास्तकार_वर्धा | १६ डिसेंबर, सायंकाळी ५:५०

भाऊ, आज तेहतीसावा दिवस व्हता. नातीनं शाळेचं भिंग आणलं. दोन रोपं वाया गेली, पान सोलता सोलता टोकच मोडलं. तिसऱ्यात दिसली. बारकी एवढी का काय सांगू, फणीच हाय अगदी. नात मोजून राह्यली अन् म्या उजेड धरला. सतरा निंगाल्या. दुसरं पाणी सोडाचं व्हतं ते आजच सोडलं.

---

पूर्णाकाठ | १६ डिसेंबर, सायंकाळी ६:२०

काका टोकाची आडवी बसली होती का?

---

कास्तकार_वर्धा | १६ डिसेंबर, सायंकाळी ६:४०

नातीले इचारलं. ते मनते वरची गाठ अजून गोलच हाय, आडवी नाही झाली. उद्या सकायी अजून एक रोप उपटतो.